ऑगस्टमध्ये बाबांना घेऊन किल्ले आणि म्युझियम, गुहागर ते मालवण. जमेल का?

गुहागरची लेक

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, बीच, स्कूबा, डॉल्फिन यातलं काही नकोय, तेव्हा ते कृपया सुचवू नका. माझे बाबा ७१ वर्षांचे, हायस्कूलला इतिहास शिकवायचे. आयुष्यभर पोरांना सहलीला नेलं पण कायम डिसेंबरात, आणि सहल म्हणजे पन्नास पोरं मोजत बसायचं, कोण बुरुजावर चढलाय, कोणाला उलटी झालीय, त्यामुळे "मी एकही किल्ला बघितलेला नाही, फक्त पोरं बघितलीयेत" असं त्यांचं म्हणणं. आता डोक्यात घेतलंय की ऑफ सीझनला जायचं, गर्दी नाही, रूमही निम्म्या भावात.

मला सुट्टी मिळतेय पंधरा ऑगस्टला जोडून, चार दिवस. गणपतीच्या आधीच उरकायचंय, गणपतीची तयारी सोडून फिरले तर आई घरात घेणार नाही. गाडी आपली आहे. तवसाळवरून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, जयगडला उतरायचं, मग मालगुंड, रत्नागिरी, विजयदुर्ग आणि शेवट मालवण असा साधारण विचार. बाबांचा एक गुडघा बदललाय, दुसरा कुरकुरतो, पण पायऱ्या सावकाश चढतात.

तर पावसात नक्की काय उघडं असतं? म्युझियमं चालू असतात की सगळं कुलूपबंद? आणि सिंधुदुर्ग त्यांना बघायचाच आहे, तिथे बोटीचं काय?

दांडीवाला

ताई, बोटी बंद असतत ओ. मे संपत इलो की होड्ये वर काढून शाकारून ठेवतत, त्या सप्टेंबरात सुरू होतले, ते पण दर्याक इचारून.

बरं, सगळ्यांना मालवणी झेपत नाही म्हणून साध्या भाषेत लिहितो. ऑगस्टात सिंधुदुर्गला जाता येणार नाही, कोणी ओळखीने नेतो म्हणाला तरी जाऊ नका. मालवणच्या समोरचं पाणी शांत दिसतं पण आत खडक आहेत, पावसात लाटा कुठून येऊन आपटतील सांगता येत नाही. बाबांना आधीच सांगून ठेवा नाहीतर जेटीवर आल्यावर हिरमोड होईल.

पण एक गोष्ट सांगतो जी डिसेंबरातले नव्वद टक्के लोक बघत नाहीत कारण सगळे धावत बोटीच्या रांगेत. मोरयाचा धोंडा. किनाऱ्यावरच आहे, होडी लागत नाही. २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा महाराजांनी केली ती इथे असं आम्ही मानतो, खडकावर गणपती, चंद्र, सूर्य, शिवलिंग कोरलेलं आहे. पाऊस उघडला की जायचं, ओहोटी बघून, आणि खडक बुळबुळीत असतो तेव्हा तुमच्या बाबांनी लांबूनच बघितलेलं बरं. तिथे उभं राहून समोर किल्ला बघायचा. इतिहासाचे मास्तर आहेत म्हणजे त्यांना याची गंमत आत जाण्यापेक्षा जास्त वाटेल असं मला वाटतं. अर्थात आतलं शिवराजेश्वराचं देऊळ आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघायला परत यावं लागेल, खाऱ्या पाण्यात गोड्या विहिरी आहेत त्या.

भाट्याच्या पुलावरून

रत्नागिरीचं मी सांगते. थिबा पॅलेसला जा. सोमवारी बंद असतं, हे दहा वेळा लिहून ठेवा, आमच्याकडे आलेले निम्मे पाहुणे सोमवारीच जातात आणि गेटचा फोटो काढून परत येतात. पंधरा ऑगस्टला किंवा इतर सरकारी सुट्टीला जाणार असाल तर आदल्या दिवशी चौकशी करा.

पावसात तिथे खरंच कोणी नसतं. १९१० ची इमारत, जांभा आणि सागवान, अर्धगोल खिडक्या. आत प्रादेशिक पुरातत्त्व संग्रहालय आहे, जुन्या मूर्ती वगैरे. उजेडाचं मात्र सांगते, आभाळ भरून आलं आणि त्यात लाईट गेली तर मूर्तीचं नाक कुठे आणि पाटी कुठे काही दिसत नाही, तेव्हा बॅटरी न्या. मोबाईलची नको, ती सारखी डोळ्यावर येते. अकरा ते तीनच्या मधे जा म्हणजे त्यातल्या त्यात उजेड.

आता तुमच्या बाबांसाठी खास. इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या थिबा राजाला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. तो १९१६ मध्ये इथेच वारला, समाधीही इथेच आहे. आणि रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांना १९०८ ते १९१४ कुठे ठेवलं? मंडालेला! म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत, दोघंही इंग्रजांचे कैदी, एकाच वेळी. राजाला नवा वाडा मिळाला तेव्हा टिळक तिकडे तुरुंगात होते. टिळकांचं जन्मघर टिळक आळीत आहे, राजवाड्यापासून गाडीने दहा मिनिटं, तर ही दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी लागोपाठ करा. मी इथे जन्म काढला आणि हे माझ्या डोक्यात चाळिशीत पेटलं, शाळेत दोन्ही धडे वेगवेगळ्या इयत्तेत होते ना.

नंतर थिबा पॉईंटला थांबा, भाट्याची खाडी गढूळ लाल झालेली दिसते पावसात, छान दिसते. वेळ उरला तर झाडगावचं मत्स्यालय, देवमाशाचा सांगाडा आहे, तो गुडघा न वाकवता बघता येतो.

सड्यावरचा गडी

सगळे गोडगोड लिहितायत म्हणून मी जरा विरुद्ध बोलतो. ऑगस्टात म्हाताऱ्या माणसाला घेऊन किल्ल्यावर जाऊ नका. जांभ्याला शेवाळ धरलं की ती फरशी नसते, साबण असतो. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी एका किल्ल्याच्या दारातच घसरलो, वरही नाही, दारात, मनगट मोडलं, आणि ऑफ सीझन म्हणजे काय तर आसपास माणूस नाही, चहावाला नाही, मोबाईलला रेंज नाही. गर्दी नसण्याचे फायदे सांगणारे हे सांगत नाहीत.

दुसरं म्हणजे वाटेत कोणीतरी तुम्हाला कातळशिल्पं बघा म्हणून सांगणारच, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्यापासून सगळ्यांना माहीत झालीयेत. ऑगस्टात जाऊ नका. कशेळीचा हत्ती जवळजवळ अठरा मीटर लांब आहे, पण तो जमिनीवर आडवा कोरलाय, उभा नाही, आणि पावसात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पाणी साचतं, गवत गुडघ्याएवढं, चर भरून जातात, तुम्ही हत्तीवर उभे राहून हत्ती कुठेय विचाराल. शिवाय गवतात फुरसं असतं, विषारी साप. ते एवढंसं असतं, मातीच्याच रंगाचं, आणि बाजूला होत नाही. नोव्हेंबरनंतर गवत सुकलं की या, सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात, तेव्हा रेषा वर आल्यासारख्या दिसतात.

तिसरं. छोट्या गावातलं म्युझियम म्हणजे चावी एका माणसाकडे. आम्ही एकदा गेलो तर कुलूप, शेजारी विचारलं तर म्हणाले तो लावणीला गेलाय शेतावर, संध्याकाळी येईल. गेलो शेतावर. चिखलाच्या हाताने चावी दिली, म्हणाला बघून घ्या आणि परत आणून द्या. तेव्हा मजा वाटली, पण चार दिवसात चार ठिकाणं करणाऱ्याला परवडणार नाही.

जुना नकाशा

गडी म्हणतो ते शेवाळाचं खरं आहे, पण सरसकट नको म्हणणं बरोबर नाही. विजयदुर्ग जमिनीला जोडलेला आहे, गाडी दारापर्यंत जाते, होडीचा प्रश्नच नाही. मधल्या वाटेने चालायचं, तटाच्या कडेला जायचं नाही, काठी घ्यायची, बूट रबरी तळव्याचे. पाऊस थांबून दोन तास झाले असतील तरच. एवढं पाळलं तर तासाभरात पुष्कळ होतं. तिथली तिहेरी तटबंदी समजून घ्यायची असेल तर पावसात जास्त कळते असं माझं मत, कारण समुद्र प्रत्यक्ष येऊन धडका देत असतो आणि भिंत त्या कोनात का वळवली ते डोळ्यासमोर दिसतं. महाराजांनी १६५३ ला घेतला तेव्हा विजयदुर्ग नाव दिलं, आधीचा घेरिया. १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाईव्ह समुद्रावरून आले, पेशवे जमिनीवरून, आणि आंग्र्यांचं आरमार इथे जळलं. आपल्याच माणसांनी आपलं आरमार जाळायला मदत केली, हा धडा मास्तरांनी वर्गात कसा शिकवला असेल हे मला ऐकायला आवडेल.

तुम्ही १८ ऑगस्टच्या आसपास तिथे असाल तर हेलियम दिनाची गडबड दिसेल. किल्ल्यात साहेबाचे कट्टे म्हणून चौथरे आहेत आणि गाईड सांगतो की १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने इथून हेलियम शोधला. ते तसं नाही. त्या दिवशी सूर्याच्या वर्णपटातल्या, पुढे हेलियमची ठरलेल्या, पिवळ्या रेषेकडे बघणाऱ्यांपैकी जान्सेन हा फ्रेंच माणूस होता आणि तो गुंटूरला होता. लॉकियर इंग्लंडात होता, त्याने ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, ती रेषा पाहिली. मग विजयदुर्ग कुठून आलं? तर लॉकियर खरंच विजयदुर्गला आला होता, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, दुर्बिणी घेऊन. तोपर्यंत रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरच प्रयोगशाळेत वेगळा काढला होता. दोन ग्रहणं लोकांच्या बोलण्यात एक झाली. बाबांना सांगा, पण गाईडसमोर नको.

दांडीवाला

अरे बाबा जुन्या नकाशा, आमच्या जिल्ह्याचो हेलियम काढून घेव नको! काजू, आंबो आणि हेलियम, इतक्याच तर आसा आमच्याकडे.

जुना नकाशा

काढून घेत नाही दादा, तारीख बदलून देतोय फक्त. १८९८ ला जगातला एक मोठा खगोलशास्त्रज्ञ बोटीने तुमच्या गावात उतरला हे काय कमी आहे?

अष्टागर

रूटवर नाही माझं गाव पण ओहोटी बघून जा वगैरे वर लिहिलंय म्हणून. आमच्याकडे अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जातात, आणि दरवर्षी पावसात कोणीतरी अडकतो. हिशोब सोपा आहे, आजी सांगायची, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, तिथून सहा तासांनी ओहोटी. पण हा हिशोब उन्हाळ्याचा समजा. पावसाळ्यात वारा पाण्याला किनाऱ्याकडे ढकलत असतो, ओहोटीतही मधली वाट धड उघडत नाही. तेव्हा धोंड्यापाशी जाताना तिथी मोजा पण विश्वास डोळ्यावर ठेवा.

परत कधी उत्तरेला आलात तर पावसात मुरूडजवळ खोकरीचे घुमट बघा. जंजिऱ्याच्या बोटी बंद असतात तेव्हा सिद्द्यांच्या या कबरी रस्त्यावरूनच दिसतात, हिरव्यात काळा दगड, एकही माणूस नाही.

गुहागरची लेक

अरे किती लिहिलंत, थँक्यू सगळ्यांना. बाबांना वाचून दाखवलं. टिळक-थिबाच्या गोष्टीवर ते पाच मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, "मी तीस वर्षं दोन्ही शिकवलं." बस, एवढंच. सोमवार टाळलाय. कातळशिल्पं रद्द, गडीदादा, फुरसं ऐकूनच आईने रद्द केली.

जेवणाचं काय? ऑगस्टात खानावळी उघड्या असतात का, बाबा श्रावण पाळत नाहीत, मी पाळते.

भाट्याच्या पुलावरून

शहरात सगळं उघडं. छोट्या गावात श्रावणात बऱ्याच खानावळी नुसतं शाकाहारी ठेवतात किंवा बंदच ठेवतात, रूमवाल्याला आदल्या दिवशी सांगितलं की घरातलं करून देतात, कुळथाची पिठी, भात, फणसाची साटं, अळू. बाबांना मासे हवे असतील तर एक ऑगस्टपासून होड्या समुद्रात जायला लागतात, पण वादळी हवा असली तर पहिले काही दिवस बाजारात खाडीचंच मिळतं.

सड्यावरचा गडी

जातायच तर जा, पण मुंबई-गोवा हायवेचे खड्डे धरून वेळ दीडपट लावा, आणि अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. चार दिवसात चार मुक्काम करू नका. दोनच करा, रत्नागिरी आणि मालवण.

गुहागरची लेक

परत आलो! ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी थोडक्यात, म्हणजे थोडक्यात होणार नाही बहुतेक.

तवसाळला जेटीवर वाऱ्यामुळे तास गेला, बोट सोडत नव्हते, मग सोडली. गडीदादांचं ऐकून दोनच मुक्काम केले ते बरं झालं. मालगुंडला केशवसुतांच्या घरी आम्ही सोडून कोणी नव्हतं. सारवलेली जमीन, बाहेर धो धो पाऊस, बाबांनी ओसरीवर बसून एक अख्खी कविता पाठ म्हटली, ऐकायला मी आणि एक ओला कुत्रा.

थिबा पॅलेसला आम्ही दोघं आणि एक कॉलेजचं जोडपं. बॅटरी कामाला आली, दोनदा लाईट गेली. बाबा एका मूर्तीसमोर वीस मिनिटं उभे, मला आधी वाटलं गुडघा दुखतोय म्हणून थांबलेत, तर नाही, बघतच होते. त्यांना असं कधी बघितलं नव्हतं मी, सहलीत मी पण त्या पन्नास पोरांतलीच असायचे ना. मग सरळ टिळक आळी. तिथे त्यांनी मलाच प्रश्न विचारले, १९०८ ला थिबा कुठे होता, नव्या वाड्यात का? मी म्हटलं हो. चूक! वाडा १९१० चा. पंचेचाळिशीत मार्क कापले माझे.

विजयदुर्गला पाऊस थांबेपर्यंत गाडीत दीड तास बसलो. मग काठी घेऊन मधल्या वाटेने, गोदामापर्यंत जाऊन परत. तटाकडे नाही गेलो. गवत भरपूर वाढलेलं, निम्मं काही दिसलं नाही हे पण खरं सांगते, भिंती बघायच्या असतील तर डिसेंबरच बरा. पण समुद्राचा आवाज तटातून येत होता, आत उभं राहिलं की छातीत जाणवायचा. साहेबाच्या कट्ट्यापाशी एकजण हेलियमची गोष्ट सांगत होते, मी बाबांचा हात दाबून धरला. नाही बोलले. गाडीत बसल्यावर मात्र रत्नागिरीपासून मालवणपर्यंत जेवढं बोलले नसतील तेवढं बोलले.

पैशाचं, कारण कोणीतरी विचारेल: रूम खरंच निम्म्याहून थोड्या जास्त भावात मिळाली, पण गाद्यांना ओलसर वास, दोन्ही ठिकाणी. जास्तीच्या चादरी न्या. आणि सुटे पैसे ठेवा, रेंज गेली की स्कॅन होत नाही, एका ठिकाणी चहाचे पैसे द्यायला मी रस्त्यावर फोन वर धरून फिरत होते.

मालवणला दांडीवाले दादा म्हणाले तसंच झालं. धोंड्याच्या अलीकडेच थांबलो, लाटा जोरात होत्या. मग जेटीवर येऊन बाबा किल्ल्याकडे बघत उभे राहिले आणि मला म्हणाले दार कुठेय सांग. मी शोधते शोधते, सगळी सलग भिंत, दारच दिसेना. ते हसत होते. दोन बुरुजांच्या आड दार असं दडवलंय की अगदी जवळ गेल्याशिवाय कळत नाही, हे त्यांनी फळ्यावर आकृती काढून शंभरदा शिकवलं असणार. मी त्यांच्याच वर्गात होते आणि मला आठवत नव्हतं.

डिसेंबरात बोटीने आत जायचं म्हणतायत आता.

दांडीवाला

डिसेंबरात नको ओ ताई, जानेवारी अर्धो झालो काय येवा. नाताळाक हयसर पाय ठेवूक जागा नसता, परत पोरांच मोजत बसतले.